वॉर्टनच्या गरापासून पेशीबँकेपर्यंत : नाळेतून पेशी वेगळ्या करण्याचा इतिहास

मानवी शरीराच्या ज्या भागांचे आयुष्य जन्माबरोबर संपते त्यांत नाळेचा समावेश होतो, आणि त्यामुळेच शतकानुशतके वैद्यकाने तिच्याकडे कापण्यापुरते आणि बांधण्यापुरतेच लक्ष दिले. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारणपणे ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात : वारेकडून गर्भाकडे प्राणवायुयुक्त रक्त आणणारी एक नीला आणि गर्भाकडून वारेकडे रक्त परत नेणाऱ्या दोन रोहिण्या. शरीरात अन्यत्र शुद्ध रक्त बहुधा रोहिणीतून वाहते, येथे मात्र ते नीलेतून वाहते. या तीन वाहिन्यांभोवती ताडगोळ्याच्या गरासारखा अर्धपारदर्शक, बुळबुळीत पदार्थ भरलेला असतो आणि त्यावर उल्ब नावाच्या गर्भवेष्टनाचे पातळ आवरण असते. त्या गरात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. म्हणूनच नाळ कापताना आईला किंवा बाळाला वेदना होत नाहीत. या गरात आणि या वाहिन्यांच्या भिंतीत ज्या पेशी असतात त्या जिवंत बाहेर काढण्याचा खटाटोप विसाव्या शतकात सुरू झाला, आणि त्या काढण्याच्या रीतीवर त्यांना मिळालेले नाव, त्यांच्याबद्दलची आशा आणि त्यांच्या नावाने उभा राहिलेला बाजार, हे सारे अवलंबून राहिले.

जुन्या ग्रंथांत नाळेविषयी जे सापडते ते छेदनविधीचे आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत नाभीपासून आठ अंगुळे मोजून तेथे नाळ दोऱ्याने बांधावी, मग कापावी आणि त्या दोऱ्याचे टोक बाळाच्या गळ्यात अडकवावे असे सांगितले आहे. उरलेल्या भागाचे काय करायचे हा प्रश्न वैद्यांनी नव्हे, तर रूढीने सोडवला, आणि महाराष्ट्रातील अनेक घरांत वार परसात किंवा घराजवळ पुरली जात असे. आधुनिक रुग्णालयांत प्रसूती होऊ लागल्यावर वार आणि नाळ जैविक कचऱ्यात जाऊ लागली. दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान होती : बाळ वेगळे झाले की नाळेचे काम संपले, असे मानले जात होते.

युरोपात नाळेच्या रचनेचा अभ्यास सतराव्या शतकात, रक्ताभिसरणाच्या शोधानंतर, नेटाने सुरू झाला. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले आणि १६५१ मध्ये प्राण्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला. त्यानंतर पाच वर्षांनी, १६५६ मध्ये, लंडनचे वैद्य थॉमस वॉर्टन यांनी शरीरातील ग्रंथींवर ‘अ‍ॅडेनोग्राफिया’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात नाळेतील या गराचे वर्णन केले. तेव्हापासून हा गर ‘वॉर्टनचा गर’ या नावाने ओळखला जातो. खालच्या जबड्याजवळील लालाग्रंथीच्या नलिकेलाही त्यांचेच नाव आहे. १६६५ च्या प्लेगमध्ये लंडनमधील बहुतेक नामवंत वैद्य शहर सोडून गेले असताना वॉर्टन सेंट थॉमस रुग्णालयात राहून रुग्णांची सेवा करत होते, ही गोष्ट त्यांच्या ग्रंथाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हा गर रासायनिकदृष्ट्या काय आहे हे कळण्यास मात्र आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये बैलाच्या डोळ्यातील काचरसातून एक साखरसाखळी वेगळी केली आणि तिला हायल्युरॉनिक आम्ल असे नाव दिले. १९३६ मध्ये त्यांनी तोच पदार्थ मानवी नाळेत असल्याचे दाखवले. हा पदार्थ पाणी मोठ्या प्रमाणात धरून ठेवतो, त्यामुळे नाळ पिळली किंवा दाबली गेली तरी आतील वाहिन्या सहसा बंद पडत नाहीत. गर्भाचे रक्षण करणारा हाच चिकटपणा पुढे प्रयोगशाळेत अडचण ठरला, कारण त्या जाळ्यात रुतून बसलेल्या पेशी सहजासहजी सुटत नाहीत.

पेशी ऊतीपासून सोडवून शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र नाळेसाठी तयार झालेले नव्हते. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातील मज्जाऊतीचा तुकडा गोठलेल्या लसिकेत जिवंत ठेवून त्यातून तंतू वाढताना पाहिले. या कामातून पेशीसंवर्धनाचे, म्हणजे पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जगवण्याचे व वाढवण्याचे शास्त्र उभे राहिले. पेटन राऊस आणि जोन्स यांनी १९१६ मध्ये ट्रिप्सिन हे पाचक विकर वापरून ऊतीतील पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि ट्रिप्सिन पेशींना धरून ठेवणारी प्रथिने तोडते. पुढे क्लॉस्ट्रिडिअम हिस्टोलिटिकम या जिवाणूपासून कोलॅजिनेज मिळाले. ते कोलॅजन या बळकट तंतुमय प्रथिनाचे तुकडे करते. तुकडा ठेवून पेशींना आपोआप बाहेर येऊ देणे आणि विकर वापरून त्यांना सोडवणे, या दोन रीतींपैकी कोणतीतरी एक किंवा दोन्ही आजही नाळेवर वापरल्या जातात.

नाळेचा प्रयोगशाळेशी पहिला मोठा संबंध मात्र पेशींमुळे आला नाही, तर त्यातील रक्तामुळे आला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा होती. मानवी पेशी अखंड वाढत राहाव्यात यासाठी ते जे पोषकद्रव तयार करत त्यात कोंबडीचा रक्तद्रव, वासराच्या गर्भाचा अर्क आणि प्रसूतिगृहातून मिळवलेल्या नाळेच्या रक्तातील लस (सीरम), असे घटक असत. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या ज्या पेशी ‘हेला’ नावाने जगभर पोहोचल्या, त्यांचे पहिले पोषण अशाच द्रवावर झाले. त्या पेशी घेताना लॅक्स यांना काहीही विचारण्यात आले नव्हते, आणि ज्या मातांच्या वारेतून रक्त घेतले जाई त्यांचा विचार कोणी केल्याचे इतिहासात दिसत नाही. गाय यांच्याच प्रयोगशाळेत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या कमल रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाचे प्रशिक्षण घेतले. परत आल्यावर व्ही. आर. खानोलकर यांनी उभारलेल्या मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी जी पेशीसंवर्धन प्रयोगशाळा सुरू केली ती देशातील पहिली मानली जाते. मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या या शास्त्रज्ञ बाईंच्या नावामागे हा बाल्टिमोरचा धागा आहे, आणि त्या धाग्याला नाळेच्या रक्ताचाही संबंध आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

नाळेतल्या पेशी स्वतः संशोधनाचा विषय झाल्या त्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरामुळे. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या पृष्ठभागावर पेशींचा एकेरी थर असतो. त्याला शास्त्रात एन्डोथेलियम म्हणतात, येथे त्याला अस्तर म्हणणे सोयीचे आहे. रक्त वाहिनीत गोठू नये, जखम झाली तर ते नेमके तेथेच गोठावे, पांढऱ्या पेशींनी सूज आलेल्या ठिकाणी बाहेर पडावे, ही कामे या थरावर अवलंबून असतात. तरीही साठीच्या दशकापर्यंत त्याचा जिवंत अभ्यास जवळजवळ अशक्य होता. प्रौढ माणसाच्या वाहिन्या शवविच्छेदनानंतर मिळत, तोवर अस्तर गळून गेलेले असे. शस्त्रक्रियेत मिळणारा तुकडा लहान असे आणि बहुधा आजाराने बिघडलेला असे. नाळेची नीला या सगळ्या अडचणींना उत्तर होती. ती तिच्या संपूर्ण लांबीत एकही फाटा न फुटणारी सरळ नळी आहे, ती निरोगी बाळाची असते, प्रसूतीनंतर काही तासांत हाती येते आणि प्रसूतिगृहात रोज मिळते.

मारुयामा यांनी १९६३ मध्ये मानवी नाळेच्या नीलेतून पेशी काढून त्या वाढवल्याचे प्रसिद्ध केले. परंतु मिळालेल्या पेशी खरोखर अस्तराच्याच आहेत, शेजारच्या स्नायूपेशी किंवा तंतूजनक पेशी त्यांत मिसळलेल्या नाहीत, हे निर्विवादपणे दाखवण्याची साधने तेव्हा पुरेशी नव्हती. ते काम १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात एरिक जॅफे, राल्फ नॅकमन, कार्ल बेकर आणि रिचर्ड मिनिक यांनी केले. त्यांची रीत नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात साधेपणा आणि शिस्त दोन्ही आहेत. नाळ निर्जंतुक द्रवात ठेवून थंड ठिकाणी आणली जाई. नीलेच्या एका टोकात बारीक नळी घालून ती धाग्याने घट्ट बांधली जाई आणि मीठद्रवाने आतील रक्त धुऊन काढले जाई. मग दुसरे टोक बंद करून ०.२ टक्के कोलॅजिनेजचा द्रव नीलेत भरला जाई आणि नाळ शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, सुमारे पंधरा मिनिटे ठेवली जाई. एवढ्या वेळात विकर आतल्या थराखालचा आधार सैल करते, पण त्यापलीकडच्या स्नायूथरापर्यंत पोहोचत नाही. वेळ वाढवला तर नको त्या पेशी येतात, कमी केला तर हव्या त्या सुटत नाहीत. मग द्रव हलक्या हाताने बाहेर काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी बसवल्या जात आणि वासराच्या गर्भाची लस घातलेल्या पोषकद्रवात, बशीत, सोडल्या जात. काही दिवसांत त्या पसरत आणि बहुकोनी, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा एकेरी थर तयार होई.

या संशोधकांचे खरे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. पेशी वाढल्या एवढ्यावर ते थांबले नाहीत. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पालाडे यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अस्तरपेशींत लांबट कणिका पाहिल्या होत्या. त्या कणिका या पेशींत आहेत असे जॅफे व सहकाऱ्यांनी दाखवले. ज्या बाळाची नाळ होती त्याच्या रक्तगटाला जुळणारे प्रतिजन पेशींवर आहेत, आणि त्याच नाळेतून वाढवलेल्या स्नायूपेशी व तंतूजनक पेशींवर ते नाहीत, हेही त्यांनी तपासले. त्याच वर्षी त्यांनी दाखवले की रक्त गोठण्यास लागणारे एक प्रथिन या पेशी स्वतः तयार करतात. आज ते फॉन विलेब्रांड घटक म्हणून ओळखले जाते. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबात त्याच्या अभावाने होणाऱ्या रक्तस्रावाच्या आजाराचे वर्णन केले होते. पेशी कोणती हे तिच्या दिसण्यावरून नव्हे, तर ती काय बाळगते आणि काय तयार करते यावरून ठरवायचे, हा दंडक त्यांच्या शोधनिबंधाने घालून दिला, आणि नाळेच्या पुढील इतिहासाचे मूल्यमापन याच दंडकाने व्हायला हवे.

पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, बोस्टनमध्ये मायकेल गिम्ब्रोन, रॅमझी कोट्रान आणि जूडा फोकमन यांनीही नाळेच्या अस्तरपेशी वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. या दोन प्रयोगशाळांनंतर ‘ह्यूव्हेक’ या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशी जगभर पोहोचल्या. सुरुवातीला त्या थोड्याच पिढ्या वाढत. १९७९ मध्ये थॉमस मासियाग यांनी गाईच्या मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातून त्यांना वाढवणारे प्रथिन काढले आणि १९८३ मध्ये हेपारिन मिसळल्यास त्या बऱ्याच जास्त काळ वाढतात असे दिसले. या पेशी रक्तबिंबिका एकत्र चिकटू न देणारे प्रोस्टासायक्लिन तयार करतात हे बाबेट वेक्स्लर, मार्कस आणि जॅफे यांनी १९७७ मध्ये दाखवले. फॉन विलेब्रांड घटकाचे जनुक १९८५ मध्ये नाळेच्या अस्तरपेशींतील संदेशवाहक आरएनएच्या मदतीने ओळखले गेले. सूज आलेल्या जागी पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे ई-सिलेक्टिन हे प्रथिनही गिम्ब्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांना याच पेशींत सापडले. धमनीकाठिण्य, मधुमेहातील वाहिन्यांचा बिघाड, कर्करोगाला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या, यांवरील प्रयोगशाळेतील ज्ञानाचा मोठा भाग प्रसूतिगृहातून आलेल्या नाळांवर उभा आहे.

या पेशींच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्या गर्भाच्या नीलेतल्या आहेत, आणि धमनीकाठिण्य होते ते प्रौढ माणसाच्या धमनीत. शिवाय प्रत्येक नाळ वेगळ्या व्यक्तीची असल्याने एका नाळेचा निष्कर्ष दुसरीवर जसाच्या तसा लागू होत नाही, आणि अनेक नाळांच्या पेशी एकत्र केल्या तर हा फरक झाकला जातो, नाहीसा होत नाही. असे असले तरी, नाळेपासून विज्ञानाला जे निश्चित आणि मोठे मिळाले ते या अस्तरपेशींमुळे मिळाले. उपचारांची स्वप्ने त्यांच्या वाट्याला आली नाहीत, म्हणून सर्वसामान्य वाचकाच्या कानावर त्यांचे नाव फारसे पडत नाही, ही खेदाची बाब आहे.

उपचारांची वाट नाळेच्या रक्ताने उघडली, आणि नाळेची ऊती व नाळेचे रक्त यांतील फरक येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाळाच्या जन्मानंतर नाळेत व वारेत उरलेल्या रक्तात रक्तजनक मूलपेशी असतात. मूलपेशी म्हणजे स्वतःची पुनर्निर्मिती करत दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार करू शकणारी पेशी. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी रक्तक्षय या आनुवंशिक आजाराच्या अमेरिकी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचे रक्त दिले आणि त्याच्या अस्थिमज्जेचे काम पुन्हा सुरू झाले. हे रक्त जपून ठेवण्याचे व तपासण्याचे काम अमेरिकेत हॅल ब्रॉक्समेयर यांनी केले होते. यानंतर नाळरक्ताच्या सार्वजनिक बँका उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कच्या रक्तकेंद्रात पाब्लो रुबिनस्टाइन यांनी सुरू केलेली बँक त्यांतील पहिल्यांपैकी होती. रक्ताच्या या यशाचा उजेड पुढे नाळेच्या ऊतीवरही पडला, जरी ऊतीतल्या पेशी वेगळ्या, त्यांचे काम वेगळे आणि त्यांच्यामागचा पुरावाही वेगळा होता.

ऊतीकडे लक्ष जाण्यामागे दोन कारणे होती. पहिले मॉस्कोतून आले. अलेक्झांडर फ्रीडनश्टाइन यांनी साठच्या व सत्तरच्या दशकांत दाखवले की अस्थिमज्जेतील काही पेशी बशीला चिकटून वाढतात, एकेका पेशीपासून वसाहत तयार होते आणि त्यांतून हाड निर्माण होऊ शकते. अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये अशा पेशींना ‘मेसेंकायमल मूलपेशी’ हे नाव रूढ केले. मेसेंकायम म्हणजे गर्भातील ती सैल ऊती जिच्यापासून हाड, उपास्थी व मेद तयार होतात. दुसरे कारण राजकीय होते. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणातून मूलपेशी मिळवल्या आणि भ्रूण नष्ट करण्यावरून मोठा नैतिक वाद उभा राहिला. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी पैशाने नव्या भ्रूण-मूलपेशींवर होणारे संशोधन रोखले. ज्यात भ्रूणाला धक्का लागत नाही असा स्रोत सर्वांनाच हवा होता, आणि टाकून दिली जाणारी नाळ त्या गरजेला नेमकी बसली.

वॉर्टनच्या गरातून तंतूजनक पेशींसारख्या पेशी मॅकएल्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच वेगळ्या केल्या होत्या, पण तेव्हा त्यांना मूलपेशी म्हटले गेले नव्हते. २००३ मध्ये कॅन्ससच्या विद्यापीठातील कॅथी मिचेल, मार्क वाइस आणि सहकाऱ्यांनी गरातील पेशी मज्जासंस्थेतील पेशींसारखी रूपे घेतात असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मॉस्कोत रोमानोव्ह यांनी नीलेच्या अस्तराखालच्या थरातून मेसेंकायमल पेशी मिळवल्या. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी गरातील पेशींपासून हाड, मेद व उपास्थी तयार झाल्याचे दाखवले. आणि २००५ मध्ये टोरोंटोत जॉन डेव्हिस यांच्या गटाने वाहिन्यांना लागून असलेल्या गरातून पेशी वेगळ्या केल्या. त्यांनी वाहिनी गरातून ओढून काढून तिची दोन्ही टोके धाग्याने एकत्र बांधली, जेणेकरून विकर वाहिनीच्या आत शिरू नये, आणि ती कडी कोलॅजिनेजमध्ये ठेवून बाहेरच्या बाजूच्या पेशी सोडवल्या.

या चार प्रयोगशाळांनी नाळेचे वेगवेगळे भाग घेतले, वेगवेगळ्या रीतींनी पेशी काढल्या, आणि हळूहळू त्या सर्वांना एकच नाव मिळाले. वस्तुतः गर एकसारखा नसतो. आवरणाजवळचा, मधला आणि वाहिन्यांभोवतीचा असे त्याचे थर पाडता येतात आणि प्रत्येकातील पेशींची वाढ व गुण भिन्न असतात. रीतही परिणाम घडवते. तुकडा-पद्धतीत वाहिन्या काढून टाकून उरलेल्या ऊतीचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे बशीत ठेवतात आणि पेशी आपणहून बाहेर सरकण्याची वाट पाहतात. साधारणपणे दहा-पंधरा दिवसांत तुकड्याभोवती लांबट पेशींची कड दिसू लागते. या पद्धतीत विकरांचा त्रास नसतो, पण ज्या पेशी सरकू शकतात त्याच मिळतात. विकर-पद्धतीत कोलॅजिनेज, हायल्युरॉनिडेज आणि कधी ट्रिप्सिन यांच्या मिश्रणाने काही तासांत पेशी मिळतात, पण वेळ थोडा जास्त झाला तर त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनेच कापली जातात आणि पुढे ओळख पटवताना गोंधळ होतो. हायल्युरॉनिडेज लागते ते १९३६ मध्ये मायर आणि पामर यांनी ओळखलेल्या त्याच चिकट पदार्थामुळे.

या गोंधळावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संघटनेने २००६ मध्ये किमान निकष ठरवले. पेशी प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला चिकटाव्यात. ९५ टक्के किंवा अधिक पेशींवर सीडी १०५, सीडी ७३ आणि सीडी ९० ही चिन्हे असावीत. रक्तपेशींची सीडी ४५, सीडी ३४ यांसारखी चिन्हे दोन टक्क्यांहून जास्त पेशींवर नसावीत. आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, मेद व उपास्थी तयार करता यावी. सीडी चिन्हे म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने, जी रंगीत प्रतिपिंडांनी शोधता येतात. हे निकष उपयुक्त आहेत, पण १९७३ च्या दंडकाशी तुलना केली तर ते बरेच सैल आहेत, कारण त्वचेतील साध्या तंतूजनक पेशीही त्यांतील बरेचसे निकष पूर्ण करतात. शरीरात या पेशी मूलपेशी म्हणून वागतात असा भक्कम पुरावा नसताना मूलपेशी हे नाव रुळले, आणि स्वतः कॅप्लन यांनी २०१७ मध्ये ते बदलावे असे जाहीरपणे लिहिले. ते बदलले गेले नाही. संशोधनपत्रिकांत नव्हे, तर जाहिरातींत त्याची मुळे घट्ट झाली होती.

उपचारांच्या बाबतीत प्रत्यक्ष काय सिद्ध झाले आहे ते मोजके आहे. स्टॉकहोममध्ये कातारिना लब्लाँ यांनी २००४ मध्ये अस्थिमज्जा-रोपणानंतर दात्याच्या पेशींनी रुग्णावर हल्ला करण्याच्या गंभीर विकारात एका मुलाला त्याच्या आईच्या मज्जेतील मेसेंकायमल पेशी देऊन लाभ झाल्याचे सांगितले. नाळेच्या पेशींवरील पुढील अनेक चाचण्या याच कल्पनेवर आधारल्या. या पेशी शरीरात राहून नवा अवयव बनवतात हा समज चुकीचा ठरला. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसांत अडकतात आणि थोड्या काळात नाहीशा होतात. त्यांचा परिणाम झाला तर तो त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे आणि प्रतिकारशक्तीवर होणाऱ्या प्रभावामुळे होतो. कोविडच्या साथीत मायामी विद्यापीठातील कामिलो रिकॉर्डी यांच्या गटाने नाळेच्या ऊतीतील पेशी गंभीर रुग्णांना देऊन २०२१ मध्ये उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले, पण त्या चाचणीत एकूण २४ रुग्ण होते, आणि एवढ्या संख्येवरून उपचार ठरत नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये मान्य केलेले या वर्गातील पहिले औषध नाळेचे नव्हे, अस्थिमज्जेचे आहे. चीनच्या औषध नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये नाळेपासून तयार केलेल्या मेसेंकायमल पेशींच्या औषधाला सशर्त मान्यता दिली, तीही रोपणानंतरच्या त्याच एका विकारासाठी, जेथे स्टेरॉइडने गुण येत नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, गुडघेदुखी, वार्धक्य या सगळ्यांवर नाळेचे इंजेक्शन देणारे दवाखाने मात्र त्याआधीच जगभर उघडले होते. २०१८ च्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मान्यता नसलेले नाळरक्ताचे उत्पादन टोचल्यानंतर टेक्सास, फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोना या राज्यांत १२ जणांना जिवाणूसंसर्ग झाल्याची नोंद केली. त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

भारतात हे शास्त्र सुजाण हातांत नव्हते असे म्हणता येणार नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ऐंशीच्या दशकात पेशींचा राष्ट्रीय साठा म्हणून सुरू झाले आणि देशभरातील प्रयोगशाळांना खात्रीच्या पेशी पुरवत आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१३ व २०१७ मध्ये ती सुधारली. संशोधनासाठी नाळ घेताना आईची माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरली, जी बाल्टिमोरमधील मातांना विचारली गेल्याचे दिसत नाही. प्रसूतीच्या दिवसांत कुटुंबासमोर पत्रके ठेवून नाळेची ऊती जपण्याचे पैसे मागणारा बाजार मात्र या काळात वाढत गेला, आणि बहुतेक आईबापांना रक्त आणि ऊती यांतील फरकही सांगितला गेला नाही.

२०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात परवाना घेऊन फक्त नाळेच्या रक्ताची बँक चालवता येते. नाळेची ऊती, वार, दात किंवा अन्य जैविक द्रव्यांची व्यावसायिक साठवण करण्यास मुभा नाही, आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर त्या ऊतीतील पेशी रुग्णाला देणे हा उपचार मानला जात नाही.